गुडघा वाकला होता

चालण्याच्या शर्यतीला पंच म्हणून मला हल्ली कुणी बोलावत नाही. आधी अमरावती-अकोल्याकडच्या आयोजकांचे फोन कमी झाले, मग बंद झाले, आणि आता तर त्यातले काही जण मला समोरून येताना पाहून रस्त्याची बाजू बदलतात. बदलोत बापडे. मी आहे तिथंच आहे, अकोल्यात. रोज सकाळी चालते. ज्या गोष्टीसाठी मला वगळलं ती उद्या पुन्हा समोर आली तर पुन्हा तेच करीन. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्या पश्चात्तापाची वाट बघायला नको.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. कबड्डी, खोखो, लेझीम, स्वातंत्र्यदिनाचं संचलन, सगळं केलं. चालण्याची शर्यत मला भेटली ती नोकरीला लागल्यावर, शिक्षकांच्या एका शिबिरात. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी ती चाल करून दाखवली तेव्हा आम्ही बायका ओढणी तोंडाला लावून हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चालायला लावलं. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीलाही जिना धड उतरता येईना. त्यानंतर मी या खेळाला कधी हसले नाही, आणि हसणाऱ्याला सोडलंही नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नियम दोनच. एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय हवेत गेलेले दिसले की ते पळणं झालं. आणि पुढं टाकलेला पाय, टाच टेकल्यापासून अंग त्याच्यावरून सरळ उभं येईपर्यंत, गुडघ्यात ताठ हवा. एवढंच. पण या दोन नियमांत अख्खं शरीर अडकतं. गुडघा वाकवायचा नाही म्हटल्यावर पाऊल लांब कसं पडणार? मग कंबर पुढं-मागं फिरवावी लागते, पावलं जवळजवळ एका रेषेत टाकावी लागतात. आधी टाच, पंजा वर ओढलेला. पंजा सतत ओढून धरला की नडगीला आग लागते. हात कोपरात काटकोनात वाकवलेले, खांदे सैल. मुठी छातीच्या वर गेल्या तर अंग उचललं जातं आणि पाय जमीन सोडतो. दम पळणाऱ्याइतकाच लागतो, मोकळीक मात्र पळणाऱ्याची नाही. पळणारा थकला तर हळू पळतो. चालणारा थकला की त्याचा गुडघा वाकतो, आणि नेमका तिथं पंच उभा असतो.

शाळेतल्या पोरींना मी भल्या पहाटे रस्त्यावर घेऊन जायचे, कारण अकोल्याचं ऊन एकदा चढलं की डांबरावर उभं राहवत नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर काही रिकामटेकडे तेवढ्यासाठी लवकर उठून यायला लागले. एकदा त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "अबे पाह्य न, मॅडम पोट्ट्याइले मटकाले शिकवून राहिली!"

मी थांबले. पोरींना म्हटलं, तुम्ही चालत राहा. आणि टपरीकडं वळून म्हटलं, "या भाऊ. त्या पुलापर्यंत माझ्यासोबत चाला. मटकलात तरी चालेल, फक्त गुडघा वाकवायचा नाही."

बोलणारा तालमीत जाणारा गडी होता. चारचौघांत मागं कसं सरणार? आला. अर्ध्या वाटेवर त्यानं दोन्ही नडग्या धरल्या आणि रस्त्याच्या कडेला बसला. "हे काय होय मॅडम? मांड्या नाई, पोटऱ्या नाई, पुढूनच पेटलं न बाप्पा!" तेवढ्यात माझ्या पोरी पुलावरून परत फिरून त्याच्या बाजूनं गेल्या. त्यानंतर त्या टपरीवर आम्हाला कुणी हसलं नाही असं नाही. हसायचे, पण बसल्या जागी हसायचे.

पुढं मी परीक्षा देऊन पंच झाले आणि दुसऱ्याच्या पायांकडं बघणं हा माझा धंदा झाला. तेव्हा कळलं की माणूस जे काम करतो ते त्याच्या गुडघ्यात उतरतं. वयस्कांच्या शर्यतीत एक निवृत्त एस.टी. कंडक्टर यायचे, अंबादासकाका. उत्साह असा की पोरांना लाजवतील, पण गुडघा पहिल्या पावलापासून वाकलेला. मी ताकिदीची पिवळी पाटी दाखवली की ते चालता चालता मला सलाम ठोकायचे. बाद झाल्यावर एकदा भेटायला आले. "मॅडम, जिंदगीभर चालत्या गाडीत तिकिटं फाडले. गुडघा ताठ ठेवला असता त पातूरच्या घाटात बायाइच्या मांडीवर जाऊन पडलो असतो." मी म्हटलं, "काका, नियमात घाटाची सूट नाही." पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, पुन्हा बाद झाले. पुन्हा सलाम. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, पण लाल कार्ड मी दर वेळी दिलं.

आमच्या वऱ्हाडातल्या पोरींची गोष्ट याहून अवघड. त्यांचा गुडघा काळ्या मातीनं घडवलेला असतो. ओलीत चाललेल्या वावरात ताठ गुडघ्यानं टाच रोवून बघा, टाच सरकते आणि माणूस पाठीवर पडतो. म्हणून शेतात वाढलेलं लेकरू पाऊल सपाट टाकतं, गुडघा किंचित वाकवून, बोटांनी जमीन धरत. मोठ्या शहरातल्या पोरी ही चूक सहसा करत नाहीत. त्यांच्या चुका वेगळ्या. आमच्या पोरीला डांबरावर आणून तिचा गुडघा सरळ करायला वर्ष-दोन वर्षं जातात. आणि एवढं करून ती शेवटच्या फेरीत थकली की आमचं शिकवणं गळून पडतं आणि मातीचं शिकवणं वर येतं.

आता पंचाचं काम. पंचानं रस्त्याच्या कडेला एका जागी उभं राहायचं. ओणवं होऊन, लोळून बघायचं नाही. बाजूच्या पंचाशी बोलायचं नाही, खुणावायचं नाही. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, साधा डोळा. चष्मा चालतो. शंका आली तर पिवळी पाटी दाखवायची. चूक झालीच अशी खात्री पटली तर लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडं पाठवायचं. मग फलकावर त्या खेळाडूच्या नंबरापुढं लाल खूण पडते. एका पंचाला एका खेळाडूसाठी एकच लाल कार्ड देता येतं, मग त्या खेळाडूनं त्याच्यासमोर पुढं काहीही करो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन कार्डं झाली की तो बाद. फक्त शेवटच्या शंभर मीटरमध्ये मुख्य पंच एकट्याच्या अधिकारात बाद करू शकतो, तेही नियम उघड मोडताना दिसला तर.

कॅमेरा का नको, असं मला शंभरदा विचारून झालंय. कारण मोबाईलवर हळू करून पाहिलं तर पट्टीचा चालणाराही क्षणभर हवेत दिसतो. मग शर्यतीत उरणार कोण? या खेळानं माणसाच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा असं ठरवलं आहे, आणि तो डोळा चुकू शकतो म्हणूनच तीन जणांचा ठेवला आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

तर ज्या शर्यतीनं मला घरी बसवलं, ती दोनेक वर्षांपूर्वीची. अमरावतीच्या बाहेरच्या एका रस्त्यावर विद्यापीठाच्या संघाची निवड होती. मुलींच्या चालण्याच्या शर्यतीतून एकच जागा भरायची होती. मुख्य पंच होते रफीक सर. अकोल्यातल्या उर्दू शाळेत खेळाचे शिक्षक होते, माझ्यासारखेच निवृत्त. आमच्या घरची संक्रांत आणि त्यांच्या घरची ईद आम्ही वर्षानुवर्षं वाटून खाल्लेली, पण पंच म्हणून उभे राहिलो की आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नसू.

त्या शर्यतीत पुढं होती कोमल, वरूडकडची. तिची आई संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये फळं निवडते, हंगामात कोमलही तिथंच खोके भरते. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष होतं. संघात आली असती तर खेळाचं प्रमाणपत्र हातात पडून पोलीस भरतीत उपयोगी पडलं असतं. नाही तर चालणं त्या दिवशी संपणार होतं. घरी पाहुणे येऊन मुलगी पाहून जायला सुरुवात झालीच होती. त्या दिवशी तिची आई पहिल्यांदा शर्यत बघायला आली होती. कडुनिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि लेकीची कंबर तशी हलताना बघून कुणी बघत तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत होती.

कोमलच्या मागं दुसरी होती श्रुती. चांगली पोर, चांगली शिकलेली चाल, पायात महागाचे बूट. तिचे काका गावातलं बडं प्रस्थ. रस्त्यालगतचं मैदान त्यांच्या संस्थेचं, पाण्याचे ड्रम त्यांचे, मांडव त्यांचा. सगळे त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणायचे.

मी लांबच्या वळणावर उभी होते. मधल्या फेरीत कोमलचा डावा गुडघा टाच टेकताना वाकलेला दिसला. मी पिवळी पाटी दाखवली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मी लाल कार्ड लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, कारण ही माझ्याच मातीची चूक होती आणि तिच्यामागं किती कष्ट असतात ते मला माहीत होतं. थोड्या वेळानं कळलं की फलकावर तिच्या नंबरापुढं दोन लाल खुणा झाल्या आहेत. अजून एक पडली असती तर सगळं संपलं असतं. शेवटच्या फेरीत ती माझ्यासमोरून गेली, आणि मला तो गुडघा परत वाकलेला दिसला. पण माझं कार्ड देऊन झालं होतं. मी हात मागं बांधून उभी राहिले.

कोमल पहिली आली. श्रुती तिच्या मागोमाग. फलकावर दोनच खुणा राहिल्या. रफीक सरांनी निकाल सांगितला आणि कडुनिंबाखालची बाई उभी राहिली.

तेवढ्यात भाऊ मोबाईल घेऊन आले, मागं दहा-पंधरा माणसं. "सर, हे पाहा. शेवटच्या शंभर मीटरचं शूटिंग हाये. स्लो करून पाहा. दोनी पाय हवेत! तुमाले अधिकार हाये न बाद करायचा? करा मंग."

रफीक सर म्हणाले, "मी तिथंच उभा होतो भाऊ. मले जे दिसलं ते दिसलं."

भाऊ माझ्याकडं वळले. "मंदा मॅडम, तुमीच त लाल कार्ड देलं तिले. म्हणजे पोट्टी चुकीची चालली हे तुमालेही मान्य हाये. मंग सांगा न सरांले!"

इथं खरी पंचाईत होती. कारण ते बोलले ते खोटं नव्हतं. माझ्या मते ती पोर चुकीची चालली होती. आणखी एका पंचाला ते दिसलं असतं तर ती बाद झाली असती आणि मी चकार शब्द काढला नसता. पण ते दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "मला मान्य आहे भाऊ. पण माझं म्हणणं एका कार्डापुरतं. ते मी दिलं. आता माझं मत आणि त्या पाण्याच्या ड्रमचं मत सारखंच."

"अवो, पण पुरावा हाये न हातात!"

"तो पुरावा तुमच्या खिशात ठेवा. मी बघणार नाही, सरांना बघू देणार नाही."

आयोजकांपैकी एक जण माझ्या कानाशी लागला, "मॅडम, मिटवून टाका न. पुढच्या स्पर्धाही भाऊंच्याच मैदानावर हायेत." मी त्याला ऐकू जाईल त्यापेक्षा मोठ्यानं विचारलं, "काय मिटवू? पोरीचं नाव?" तो मागं सरकला.

मग भाऊंनी शेवटचा बाण काढला. गर्दीकडं तोंड करून म्हणाले, "चाचांच्या डोयाचं ऑपरेशन झालं म्हंते. त्याइले दिसते तरी का?"

मला संताप आला, असा की माझीच मला भीती वाटली. ज्या माणसानं आयुष्यभर फुकटात उन्हात उभं राहून पोरांचे पाय पाहिले त्याला हे ऐकवायचं? मी पुढं होणार तोच रफीक सरांनी हातानं मला थांबवलं. चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"ऑपरेशन झालं म्हणूनच दिसते भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "पहिले मले तुमी दोन दिसत होते. एक भाऊच झेपत नाई, दोन कसे झेपतीन?"

आधी पाणी वाटणारी माणसं हसली, मग बाकीची. भाऊंच्या मागून मोबाईलमध्ये डोकावणारा त्यांचाच एक माणूस त्या हसण्यात भान विसरून बोलून गेला, "भाऊ, याच्यात त आपल्या श्रुतीताईचेही दोनी पाय हवेत दिसून राहिले!" मोबाईल खिशात गेला. श्रुती बाजूला खाली बसली होती, पाय दाबत. तिनं मान वर करून म्हटलं, "काका, राहू द्या न आता. मी मागं राहिली." त्या पोरीबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार माया आहे.

"निकाल तोच," रफीक सर म्हणाले आणि कागदावर सही केली.

सही करून ते माझ्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, अपना काम हो गया. आता आपल्याले कोणी बोलावत नाई." मी म्हटलं, "न बोलावोत." तसंच झालं. दुसऱ्या वर्षीच्या पंचांमध्ये आमची दोघांची नावं नव्हती. कारण कुणी सांगितलं नाही. एकानं फोनवर एवढंच म्हटलं की आता जरा नवीन लोकांना संधी देऊ. नवीन लोकांना संधी द्यायला माझी ना नाही. पण त्यातल्या एकानं जरी मोबाईलमध्ये बघून निकाल फिरवला, तर मी घरून चालत येऊन त्याच्या अंगणात उभी राहीन. मला वगळल्याचं वाईट वाटतं का? वाटतं. शर्यतीच्या दिवशी पहाटे आपोआप जाग येते आणि जायचं कुठं नसतं. रफीक सरांचंही तसंच होतं असं त्यांच्या बेगम मला सांगतात. पण त्याच्यापेक्षा वाईट गोष्टी असतात.

त्या दिवशी मांडव उतरवायला लागले तेव्हा कोमलची आई माझ्याकडं आली. डोळे भरलेले. "मॅडम, तुमी होत्या म्हणून..." म्हणत ती पाया पडायला वाकली, तशी मागून कोमलनं तिचा दंड धरला.

"आई, पाया नको पडू. याइनंच त कार्ड देलं मले."

आई गोंधळून एकदा लेकीकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली. कोमलनं माझ्या डोळ्यांत बघितलं. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे डाग, ओठ फुटलेले.

"मॅडम, माहा गुडघा वाकला नव्हता."

"वाकला होता. डावा."

"नव्हता."

"दोनदा पाहिलं मी, आणि शेवटच्या फेरीत तिसऱ्यांदा. अगं, मी त्या भाऊंना नाही घाबरले, तर तुला घाबरून खोटं बोलू?"

"मंग मी काहून भेऊ तुमाले? माह्या पायाचं मले समजते. नव्हता वाकला."

आयुष्यभर पोरी पाया पडल्या, फुलं दिली, शिक्षकदिनाला कविता वाचल्या. त्या सगळ्याचा मिळून झाला नसेल एवढा आनंद मला त्या उद्धट उत्तराचा झाला. मी तो दाखवला नाही. म्हटलं, "बरं. जा आता, गाडी चुकेल."

तिनं बूट काढून पिशवीत टाकले, पायात चपला सरकवल्या आणि आईला घेऊन निघाली. पाय फुटलेले, अंग मोडून आलेलं. तिच्या जागी दुसरी असती तर पाय ओढत गेली असती. मी तिथंच उभी होते आणि सवयीनं माझी नजर तिच्या डाव्या गुडघ्यावर गेली. ते तिच्या पाठीलाही कळलं असावं. रस्त्याच्या वळणापर्यंत, चपलांत, आईचा हात धरून ती चालत गेली, आणि प्रत्येक पावलाला तिनं तो गुडघा ताठ ठेवला.